गॅसचा वाटा सहा टक्क्यांवर का अडकला, आणि तो तिथेच राहिला तर बिघडतं काय?

प्रश्न थोडक्यात असा: ऊर्जेतला नैसर्गिक वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचा असं भारताने ठरवलं. मग तो सहा-सात टक्क्यांच्या पुढे का जात नाही? दाभोळ आणि उरणला गॅसवर चालणारी वीज केंद्रं उभी असताना उन्हाळ्यात विजेची ओढाताण का होते? आणि उद्या कोळशाची जागा गॅस घेईल का?

मी आधी वायू विद्युत केंद्रात शिफ्ट इंजिनिअर होतो, पुढे गॅस खरेदीच्या टेबलावर बसलो. म्हणजे मशीनही चालवली आणि तिला लागणाऱ्या गॅसची बिलंही तपासली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: विजेपुरतं बोलायचं तर नाही. गॅस आपल्याकडे कोळशाची जागा घेणार नाही, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. कारण समजायला एक साधा हिशेब पुरतो.

चांगल्या कम्बाइंड सायकल केंद्राचा (गॅस टर्बाइनच्या धुराड्यातल्या उष्णतेने वाफेचं टर्बाइनही चालवणाऱ्या केंद्राचा) हीट रेट १,९०० किलोकॅलरीच्या आसपास असतो. म्हणजे एक युनिट वीज काढायला तेवढी उष्णता जाळावी लागते. गॅसचा व्यवहार होतो एमएमबीटीयू या उष्णतेच्या मापात, आणि एका एमएमबीटीयूत २ लाख ५२ हजार किलोकॅलरी असतात. भागाकार केला की १३२ युनिट निघतात. आयात गॅस १० डॉलरला मिळाला आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर युनिटमागे नुसत्या इंधनाचेच ६ रुपये ४० पैसे झाले. पाइपलाइनचं भाडं, व्हॅट, केंद्राचा स्थिर आकार, सगळं अजून बाकी. गॅस साडेसहा डॉलरला मिळाला तरी चार-सव्वाचार रुपये होतातच. खाणीजवळच्या कोळसा केंद्राचा इंधन खर्च दीड-दोन रुपये, लांबून कोळसा आणणाऱ्याचा तीन-साडेतीन. दुपारी सौर वीज अडीच रुपयांत मिळते.

ग्रिडवरच्या विजेचा मेळ घालणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरला वीज स्वस्त ते महाग अशा क्रमाने उचलावी लागते. यालाच मेरिट ऑर्डर म्हणतात. त्या यादीत आयात गॅसवरचं केंद्र नेहमीच शेवटच्या ओळींत असतं. तिथपर्यंत पाळी येते ती मे महिन्यातल्या एखाद्या रात्री, आणि तेव्हा हातात गॅसच नसतो. देशात गॅसवर चालणारी वीजनिर्मिती क्षमता २०२४ मध्ये सुमारे २५ हजार मेगावॅट होती, पण एकूण विजेत तिचा वाटा जेमतेम दोन टक्के. उन्हाळ्यातल्या त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

बरं, पैशाचा प्रश्न बाजूला ठेवू. हजार मेगावॅटला दिवसाला सुमारे ४५ लाख घनमीटर गॅस लागतो, हा आमच्या धंद्यातला तोंडपाठ आकडा. म्हणजे २५ हजार मेगावॅट पूर्ण भाराने चालवायचे तर दिवसाला ११ कोटी घनमीटरच्या वर. देशात समुद्रातून आणि जमिनीतून मिळून रोज निघतो साधारण १० कोटी. सगळा देशी गॅस, युरियाचा आणि स्वयंपाकघरांचाही, वीज केंद्रांना दिला तरी तो पुरणार नाही. ही केंद्रं बांधली तेव्हा हा हिशेब कुणी केला नव्हता का? केला होता. तो ज्या गॅसवर केला होता, तो गॅस आलाच नाही.

यामागे थोडा इतिहास आहे. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. तेलाबरोबर गॅसही वर येतो, आणि सुरुवातीला तो घ्यायला गिऱ्हाईकच नव्हतं. समुद्रातल्या उत्पादन फलाटावर तो नुसता जाळून टाकत. उरणचं वायू विद्युत केंद्र, अलिबागजवळच्या थळचा खत कारखाना हे सगळं या गॅसच्या आधाराने उभं राहिलं. वसईच्या समुद्रातल्या क्षेत्राचा गॅस हजिराला उतरवला आणि तिथून उत्तरेकडे हजिरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइन गेली. १९८४ मध्ये गेल कंपनी स्थापन झाली ती मुख्यतः याच पाइपलाइनसाठी. त्या काळात गॅस स्वस्त होता आणि भाव सरकार ठरवायचं. ज्याला वाटप झालं तो सुखी. गॅस म्हणजे सरकारने वाटायची वस्तू, ही आपल्या व्यवस्थेची सवय तेव्हाची, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही.

दुसरी लाट आली कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून. तिथल्या केजी-डी६ या गटाचा गॅस एप्रिल २००९ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी तो दिवसाला ६ कोटी घनमीटरवर पोचला आणि ८ कोटींवर जाईल असं धरून गुंतवणूकदारांनी केंद्रं बांधायला घेतली. बँकांनी कर्जं दिली. २०१३ येईपर्यंत उत्पादन दीड कोटीच्या खाली आलं, आणि जो थोडा उरला तो प्राधान्यक्रमाने खतांना गेला. कित्येक नवीकोरी केंद्रं सुरू होण्याआधीच अडकली. २०२० च्या शेवटापासून त्याच गटात नव्या क्षेत्रांतून गॅस येऊ लागला आहे, पण खोल समुद्रातल्या गॅसला वेगळी, चढी भाव-मर्यादा आहे. वीज केंद्राला तो झेपत नाही.

दाभोळ हे या सगळ्याचं एकत्रित उदाहरण. एन्रॉनचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. पहिला टप्पा १९९९ मध्ये चालू झाला तो नाफ्था या पेट्रोलियम द्रवावर. २००१ मध्ये केंद्र बंद पडलं. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली, क्षमता १,९६७ मेगावॅट. पाइपलाइन आली, केजीचा गॅस मिळू लागला, केंद्र चांगलं चालू लागलं. २०१३ मध्ये गॅस आटला तसं पुन्हा ठप्प. मग २०१५ च्या अखेरीपासून रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट देऊन ते कसंबसं जगवलं. शेजारचं एलएनजी टर्मिनल, म्हणजे जहाजाने आलेला द्रवरूप गॅस उतरवायचं ठिकाण, २०१३ मध्ये सुरू झालं, पण लाटा अडवणारा बांध पुरा नसल्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाजच लागत नसे. कोकणात चार महिने समुद्र कसा असतो हे तिथल्या कुठल्याही खलाशाला विचारलं असतं तरी कळलं असतं, असो.

आता आकड्यांची तुलना बघा. दाभोळ पूर्ण भाराने चालवायचं तर दिवसाला सुमारे ८८ लाख घनमीटर गॅस हवा. नियोजनात एका घराच्या स्वयंपाकाला दिवसाला अर्धा घनमीटर धरतात. म्हणजे त्या एका केंद्राच्या गॅसवर पावणेदोन कोटी घरांच्या चुली चालतील. देशात पाइप गॅस पोचलेली घरं एकूण दीड कोटीच्या आसपास आहेत. विजेला पर्याय भरपूर आहेत: कोळसा, पाणी, ऊन, वारा, अणू. दादरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेगडीला सिलिंडर हा एकच पर्याय, आणि सिलिंडरमधला एलपीजीही निम्म्याहून जास्त आयातीचाच.

हाच विचार युरियाला लावा. युरिया करायला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन, आणि तो हायड्रोजन आपण वाफेच्या प्रक्रियेने गॅसमधून काढतो. म्हणजे इथे गॅस हा कच्चा माल आहे, निव्वळ इंधन नव्हे. टनाला साधारण २२ ते २६ एमएमबीटीयू लागतात. पोतं ४५ किलोचं, म्हणजे एका पोत्यात जवळजवळ एक एमएमबीटीयू गॅस. मघाचाच १० डॉलरचा भाव लावा: साडेआठशे रुपयांचा गॅस ज्या पोत्यात गेला ते पोतं शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. उरलेलं अनुदान. २०१५ पासून खत कारखान्यांसाठी देशी आणि आयात गॅसचा भाव एकत्र करून सरासरी लावतात, म्हणून कुठल्या कारखान्याच्या वाट्याला कुठला गॅस आला यावरून भांडणं होत नाहीत. देशाच्या गॅसचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आजही खत कारखानाच आहे. ऊर्जा सुरक्षेवर बोलताना लोक वीज केंद्रांची चित्रं दाखवतात. मी थळच्या कारखान्याचं दाखवीन.

आता करारांकडे येतो, कारण बाहेरच्यांना हा भाग दिसतच नाही. देशात वर्षाला सुमारे ७० अब्ज घनमीटर गॅस वापरला जातो आणि त्यातला जवळपास निम्मा द्रवरूपात जहाजाने येतो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की गॅसचं आकारमान सहाशेपट कमी होतं, म्हणूनच तो जहाजातून आणणं परवडतं. पण असा प्रकल्प उभारणारा विक्रेता वीस-पंचवीस वर्षांची हमी मागतो, आणि करारात 'टेक ऑर पे' हे कलम असतं: ठरलेला माल उचला नाहीतर उचलल्यासारखे पैसे भरा. आपला सगळ्यात मोठा करार कतारशी, वर्षाला ७५ लाख टनांचा. त्याचं पहिलं जहाज २००४ मध्ये गुजरातमधल्या दहेज बंदराला लागलं. २०१५ मध्ये बाजारातला भाव कराराच्या भावाच्या खूप खाली गेला, तेव्हा आपल्या बाजूने माल कमी उचलला गेला. दंडाची रक्कम बारा हजार कोटींच्या घरात होती. त्या डिसेंबरमध्ये भावाचं सूत्र बदलून घेतलं आणि दंडही माफ झाला. वाटाघाटी फार चांगल्या झाल्या, यात शंका नाही. पण त्या वेळी बाजार खरेदीदाराचा होता, हेही खरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच करार २०२८ पासून पुढे वीस वर्षं वाढवला.

आता हे कलम घेऊन वीज केंद्रात या. आमचा गॅसचा दिवस सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. विजेचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री, त्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक. उद्या किती गॅस घेणार याचं नॉमिनेशन पुरवठादाराला आज द्यायचं, आणि वीज किती उचलली जाणार हे लोड डिस्पॅचवाले त्यांच्या वेळेने सांगणार, वर ब्लॉकगणिक बदलणार. दुपारी ढग आले की फोन येतो, मशीन घ्या. संध्याकाळी वळवाचा पाऊस पडून मागणी कोसळली की फोन येतो, बॅक डाउन करा, म्हणजे वीज कमी करा. नॉमिनेशनपेक्षा जास्त गॅस ओढला तर दंड, कमी ओढला तर दंड. पाइपलाइनमध्ये दाबाखाली जो गॅस साठलेला असतो, त्या लाइनपॅकवर थोडं निभावतं, पण तो काही आपल्या एकट्याचा नसतो. शिफ्टमधला माणूस दोन घड्याळांकडे बघत काम करतो. रोज घट-बढ करणाऱ्या सौर विजेच्या जोडीला गॅस, हे कागदावर सोपं वाटतं. दर दिवशी ठरावीक गॅस घ्यायला बांधील असलेल्या केंद्राला ते सोपं नाही.

साठवण हा त्याच्याही पुढचा प्रश्न. जर्मनीत जमिनीखाली, जुन्या वायुक्षेत्रांत आणि मिठाच्या पोकळ्यांत, वर्षाच्या वापराच्या पाव हिश्शाएवढा गॅस साठवता येतो. आपल्याकडे भूमिगत साठवण नाही. टर्मिनलच्या टाक्या आणि पाइपांतला गॅस, एवढंच. कोळसा केंद्राच्या यार्डात पंधरा-वीस दिवसांचा ढीग डोळ्यांना दिसतो. गॅस केंद्राचा साठा म्हणजे समुद्रात कुठेतरी असलेलं जहाज, आणि कतारचं जहाज इराणलगतच्या अरुंद होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतं.

या परावलंबनाची किंमत २०२२ मध्ये सगळ्यांनी पाहिली. २०२० च्या उन्हाळ्यात आशियाई बाजारात सुटा माल, म्हणजे दीर्घ कराराबाहेर घेतलेला गॅस, दोन डॉलरच्या आसपास होता. रशिया-युक्रेन युद्धानंतर तोच ५० डॉलरच्या वर गेला. युरोपने मिळेल त्या भावाने जहाजं वळवून घेतली. त्या जुलैत पाकिस्तानने दहा जहाजांची निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. बांगलादेशने सुटी खरेदी थांबवली आणि ढाक्यात भारनियमन सुरू झालं. दोन्ही देशांची वीज मोठ्या प्रमाणात गॅसवर चालते. आपल्याकडे रशियन कंपनीशी केलेल्या करारातली जहाजं आली नाहीत, गॅस महागला, गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी भट्ट्या प्रोपेनवर घेतल्या, खत अनुदान फुगलं. पण गॅसपायी दिवे गेले नाहीत. सहा टक्क्यांचा जो वाटा आपण कमीपणाचा मानतो, त्याने त्या वर्षी आपल्याला वाचवलं. १५ टक्क्यांवर असतो तर वरचे आठ-नऊ टक्के जवळपास सगळे आयातीचे असते.

मोरबीचं उदाहरण आणखी एका कारणासाठी चांगलं आहे. तिथे कोळशापासून गॅस करणारे गॅसिफायर चालत. २०१९ मध्ये हरित लवादाने ते बंद करायला लावले आणि नैसर्गिक वायूची मागणी काही महिन्यांत कितीतरी वाढली. हवाही सुधारली. म्हणजे जिथे एकसारखी, स्वच्छ आणि नेमकी उष्णता हवी तिथे गॅसला खरी किंमत आहे: टाइल्स, काच, औषधं, बेकऱ्या. शहरात बस आणि रिक्षा सीएनजीवर गेल्या त्याचाही फायदा मुंबईकराने श्वासातून घेतला आहे. महानगर गॅस १९९५ पासून हेच काम करते. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्राने गॅसवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तो निर्णय मला मोठमोठ्या उद्दिष्टांपेक्षा जास्त आवडला. गॅस जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे कारखानदाराला त्यावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. भट्टी कशावर चालवायची हे ठरवताना तो हे बघतोच.

भावाबद्दल एक स्पष्ट सांगतो. मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रांच्या गॅसचा भाव २०१४ च्या सूत्राने परदेशी बाजारांना बांधला होता. २०२० मध्ये तो १.७९ डॉलरवर उतरला, म्हणजे काढणाऱ्याचा खर्चही निघेना, आणि दोन वर्षांत ८.५७ वर चढला. गॅसच्या भावासाठी नेमलेल्या किरीट पारीख समितीनंतर एप्रिल २०२३ मध्ये तो कच्च्या तेलाच्या १० टक्क्यांना जोडला, खाली ४ आणि वर ६.५ डॉलरची मर्यादा घातली. हा गॅस आधी घरांना आणि सीएनजीला मिळतो. पण जुनी क्षेत्रं दरवर्षी थोडी थोडी आटतात आणि जोडण्या वाढत राहतात. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहर गॅस कंपन्यांचा स्वस्त कोटा कापला गेला. जोडणी घेताना भाव कायम असाच राहील असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पर्यावरणाचा मुद्दा बऱ्याच लोकांच्या मनात असतो. कम्बाइंड सायकलमधून युनिटमागे कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या निम्म्याहून कमी निघतो, राख नाही, गंधक जवळजवळ नाही. हे सगळं खरं. पण मिथेन स्वतः गळला तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापवतो. विहिरीपासून बर्नरपर्यंत तीनेक टक्के गळती झाली की कोळशावरची आघाडी संपत येते. घरात येणाऱ्या गॅसला मरकॅप्टनचा वास घातलेला असतो, म्हणून तिथली गळती लगेच कळते. समुद्रातल्या फलाटावरची गळती मोजायला कुणी गेलं तरच कळते.

मग या २५ हजार मेगावॅटचं करायचं काय? माझं मत: त्यातलं जे चांगल्या स्थितीत आहे ते संध्याकाळच्या तीन-चार तासांसाठी आणि उन्हाळ्यातल्या वाईट आठवड्यांसाठी राखून ठेवावं. नुसतं हजर राहण्याचे पैसे द्यावेत आणि युनिटचे वेगळे. मे-जून २०२४ मध्ये केंद्राने वीज कायद्याच्या कलम ११ खाली गॅस केंद्रांना चालायला लावलं होतं. त्याच मेच्या अखेरीस देशाची मागणी २५० गिगावॅटला टेकली. पण दरवेळी आदेश काढून, ऐनवेळी सुटा गॅस घेऊन हे करणं महागात पडतं. उरणला १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइन आणि १२० ची दोन वाफेची टर्बाइन आहेत. अशा केंद्रात गॅस टर्बाइन अर्ध्या तासात भार घेते, मात्र बॉयलर तापून वाफेचं टर्बाइन मागाहून यायला काही तास लागतात. तोपर्यंत ओपन सायकलमध्ये, म्हणजे नुसत्या गॅस टर्बाइनवर, एक युनिट वीज दीडपट गॅस खाते. रोज चालू-बंद केलं की गरम भागांचं आयुष्य झपाट्याने घटतं, दुरुस्ती लवकर येते. तो खर्च दरात धरला नाही तर केंद्र चालवणारा कागदोपत्री मशीन उपलब्ध दाखवेल आणि प्रत्यक्षात ती सिंक होणार नाही, म्हणजे ग्रिडला जोडली जाणार नाही.

आणि हे राखणंसुद्धा किती वर्षं, याला मर्यादा आहे. २०२२ मध्ये मोठ्या बॅटरी साठवणुकीच्या पहिल्या निविदेत दर मेगावॅटला महिन्याला पावणेअकरा लाखांच्या आसपास आला होता. दोन-तीन वर्षांत बोली निम्म्याहून खूप खाली आल्या, अर्थात काहींत सरकारी मदत धरून. दोन तासांच्या संध्याकाळच्या शिखराला बॅटरी गॅसला आत्ताच मात देते. पावसाळ्यात सलग चार-पाच दिवस ऊनही नाही आणि वाराही पडलेला, अशा वेळी बॅटरी पुरत नाही. तिथे पाणी, कोळसा आणि थोडा गॅस लागेल.

तोपर्यंत उभी मशीन जपावी लागते, आणि त्यावर कुणी बोलत नाही. बंद बॉयलरच्या नळ्यांत नायट्रोजन भरून ठेवायचा, नाहीतर कोकणच्या दमट हवेत त्या आतून गंजतात. रोटर वाकू नये म्हणून ठरलेल्या वेळी टर्निंग गिअरवर सावकाश फिरवायचा. ल्यूब ऑइल तपासायचं, कंट्रोल कार्डं कोरडी ठेवायची. याला माणसं लागतात, आणि ज्यांनी ही मशीन शेकडो वेळा सिंक केली ती पिढी आता निवृत्त होते आहे. नवी भरती कोण करणार, जेव्हा केंद्राच्या पत्रकात वर्षभराचा पीएलएफ, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के वीज निघाली तो आकडा, एक आकडी दिसतो?